वायूची चाहूल

सांगलीजवळ कृष्णा आणि वारणा यांच्या संगमावर हरिपूर नावाचे गाव आहे. हळदीच्या व्यापारात त्याचे नाव झाले ते तेथील पेवांमुळे. जमिनीत खोल खणलेल्या या कोठारांत हळद वर्षानुवर्षे न किडता राहत असे. २००५ च्या महापुरात त्यांतील पुष्कळ पेवे निकामी झाली. परंतु पेव ही वस्तू हरिपूरपुरती कधीच नव्हती. सीमाभागात, सोलापूरकडे आणि मराठवाड्यात ज्वारीची पेवे घरोघर असत, आणि ते उघडण्याची रीतही सर्वत्र जवळजवळ एकच असे. तोंडावरचा दगड बाजूला सारला की कोणी लगेच आत उतरत नसे. पेव काही वेळ उघडे ठेवायचे, मग पेटता कंदील दोरीला बांधून हळूहळू खाली सोडायचा. कंदील जळत राहिला तर माणूस उतरे, विझला तर थांबे. पडीक विहिरीतला गाळ काढण्यासाठी उतरतानाही हाच प्रघात होता.

यामागील कारण साधे आहे. साठवलेले धान्यही श्वास घेते. कोंडलेल्या हवेतील प्राणवायू ते वापरते आणि त्या जागी कार्बन डायऑक्साइड सोडते. हा वायू जड असल्यामुळे तळाशी बसून राहतो. प्राणवायूचे प्रमाण नेहमीच्या एकवीस टक्क्यांवरून सोळा-सतरा टक्क्यांपर्यंत उतरले की ज्योत विझते. माणूस त्या हवेत तत्काळ मरत नाही. त्याला माघार घेण्यापुरती सवड उरते. या कंदिलाचा आणखी एक गुण सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. तेल संपून किंवा वात खाली सरकून तो विझला, तरीही माणूस वरच राहतो. म्हणजे साधन बिघडले तरी त्याची चूक माणसाला वाचविणारी असते. विषारी आणि ज्वालाग्राही वायूंची चाहूल घेण्याच्या साधनांचा गेल्या दोनशे वर्षांचा इतिहास पाहताना हा कंदील डोळ्यांसमोर ठेवणे उपयोगी पडते, कारण त्याच्यापेक्षा कितीतरी सूक्ष्म अशी साधने पुढे निघाली, परंतु हा गुण त्यांतील फारच थोड्यांना लाभला.

कोळशाच्या खाणीत मात्र हा कंदील नेणे म्हणजे मृत्यूला आमंत्रण होते. कोळशाच्या थरांत मिथेन वायू कोंडलेला असतो. इंग्लंडमधील खाणकामगार त्याला फायरडँप म्हणत. हवेत त्याचे प्रमाण पाच टक्क्यांपासून पंधरा टक्क्यांपर्यंत असेल तर ठिणगी पडताच स्फोट होतो, आणि साडेनऊ टक्क्यांच्या आसपास तो सर्वांत भीषण असतो. अठराव्या शतकात या वायूचा बंदोबस्त करण्याची एक भयंकर पद्धत काही खाणींत रूढ होती. ओल्या गोणपाटात अंग गुंडाळून एक माणूस लांब काठीच्या टोकाला जळती मेणबत्ती बांधून सरपटत पुढे जाई आणि छताशी साठलेला वायू पेटवून देई. डोक्यावरच्या टोपीमुळे तो एखाद्या प्रायश्चित्त घेणाऱ्या संन्याशासारखा दिसे, म्हणून त्याला तेच नाव पडले होते. व्हाइटहेवन येथील कार्लाइल स्पेडिंग याने पोलादी चाक गारगोटीवर फिरवून ठिणग्यांच्या उजेडात काम करण्याची युक्ती काढली. ठिणग्यांचा रंग आणि आकार बदलला की वायू आहे असे अनुभवी माणसाला समजे. त्या ठिणग्यांनीसुद्धा स्फोट होतो हे पुढे अनुभवाला आले. स्पेडिंग स्वतः १७५५ मध्ये खाणीतील स्फोटातच मरण पावला.

२५ मे १८१२ रोजी न्यूकॅसलजवळील फेलिंग येथील खाणीत स्फोट होऊन ९२ माणसे मेली. त्यांत लहान मुलांची संख्या मोठी होती. वारा खेळता ठेवण्यासाठी बसविलेले लाकडी दरवाजे उघडण्या-मिटण्याचे काम त्या काळी मुलांकडे असे. खाणीत आग धुमसत राहिल्यामुळे तिची तोंडे बंद करावी लागली, आणि मृतदेह बाहेर काढण्याचे काम जुलै महिन्यात सुरू झाले. त्या भागाचे धर्मोपदेशक जॉन हॉजसन यांनी या अपघाताचा तपशीलवार वृत्तांत मृतांच्या नावा-वयांसह प्रसिद्ध केला. खाणमालकांना हे रुचणारे नव्हते; अशा गोष्टी वर्तमानपत्रांत न आलेल्या बऱ्या अशीच तेथील रीत होती. हॉजसन यांच्या त्या लेखनामुळे लोकमत जागे झाले, १८१३ मध्ये संडरलंड येथे खाणींतील अपघात टाळण्यासाठी एक मंडळ स्थापन झाले, आणि त्या मंडळाने १८१५ मध्ये सर हम्फ्री डेव्ही यांच्याकडे धाव घेतली.

डेव्ही हे त्या वेळी इंग्लंडमधील सर्वांत ख्यातनाम रसायनशास्त्रज्ञ होते. हेबर्नच्या खाणीतून बाटल्यांत भरून पाठविलेल्या वायूवर त्यांनी प्रयोग केले, आणि ९ नोव्हेंबर १८१५ रोजी रॉयल सोसायटीपुढे आपला पहिला निबंध वाचला. पुढे काही आठवड्यांतच त्यांचा जाळीचा दिवा तयार झाला. ज्योतीभोवती तारेची बारीक जाळी असते, एका चौरस इंचात ७८४ छिद्रे. वायू जाळीतून आत येऊन जळतो, परंतु जाळीचे धातू उष्णता इतक्या त्वरेने शोषून पसरविते की ज्वाला बाहेर पडू शकत नाही. १८१६ च्या जानेवारीत हेबर्न येथेच त्याची प्रत्यक्ष परीक्षा झाली. डेव्ही यांनी त्यावर एकाधिकार घेतला नाही. त्याच सुमारास किलिंगवर्थच्या खाणीत यंत्रे सांभाळणाऱ्या जॉर्ज स्टीफन्सन याने स्वतःचा वेगळा दिवा बनवून, तो पेटवून, वायू फुसफुसत बाहेर येणाऱ्या भेगेपर्यंत स्वतः नेला होता. वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत ज्याला वाचता येत नव्हते अशा माणसाने हे केले यावर लंडनच्या विद्वानांचा विश्वास बसेना. दोघांच्या पक्षपात्यांत बरीच वर्षे कडवट वाद चालला. आगगाडीचा जनक म्हणून स्टीफन्सनची कीर्ती झाल्यावर त्या वादाला फारसा अर्थ उरला नाही.

या दिव्याकडे उजेडाचे साधन म्हणून पाहिले जाते. त्याचे खरे महत्त्व निराळे होते. दिवा बारीक करून हळूहळू छताकडे नेला, की मिथेन असल्यास ज्योतीच्या माथ्यावर फिकट निळसर टोपी दिसू लागते. एक टक्क्याच्या सुमारास ती जेमतेम भासते. पुढे प्रमाण वाढेल तशी ती उंच होत जाते. पाच टक्क्यांच्या जवळ वायू पोचला की जाळीची सारी पोकळी निळ्या ज्वालेने भरून जाते. याउलट प्राणवायू कमी असेल तर ज्योत मंदावून विझते. एकाच ज्योतीने दोन वैरी ओळखण्याची ही सोय होती. ती निळी टोपी पाहण्याला डोळा तयार व्हावा लागे. अंधाराला सरावलेला, घाई न करणारा माणूसच ती नेमकी वाचू शके, आणि हे कौशल्य पुढे शंभर वर्षे खाणीतील अधिकाऱ्यांच्या परीक्षेचा विषय होऊन बसले.

असे साधन हाती आल्यावर अपघात कमी व्हायला हवे होते. ब्रिटिश पार्लमेंटच्या समितीने १८३५ मध्ये हिशेब मांडला तेव्हा निराळेच चित्र दिसले. दिवा येण्यापूर्वीच्या अठरा वर्षांत डरहॅम आणि नॉर्दंबरलंड या दोन परगण्यांत ४४७ माणसे मेली होती. नंतरच्या अठरा वर्षांत ५३८ मेली. याचे एक कारण असे की, पूर्वी वायूच्या भयाने सोडून दिलेले थर दिव्याच्या भरवशावर पुन्हा खणले जाऊ लागले. काम वाढले, खोली वाढली, वाऱ्याची व्यवस्था मात्र पूर्वीचीच राहिली. दुसरे कारण खुद्द दिव्यात होते. वाऱ्याचा झोत जोराचा असेल तर ज्योत जाळीबाहेर ढकलली जाई. जाळी गंजली, चेपली, तिची एक तार तुटली किंवा ती काजळीने माखून लाल तापली, तर ती संरक्षण करीत नसे. आणि प्रकाश इतका अपुरा होता की कामगार चिडून जाळी काढून ठेवीत. कोणी चिलीम पेटविण्यासाठी दिवा उघडी. तुकड्यावर मजुरी मिळविणाऱ्या माणसाला अंधारात कमी कोळसा फोडावा लागतो, ही गोष्ट त्याला दोष देणाऱ्यांनी क्वचितच विचारात घेतली.

या अनुभवातून जी व्यवस्था उभी राहिली ती शोधाइतकीच मोलाची आहे, जरी तिच्या निर्मात्यांची नावे कोणत्याही पुस्तकात सापडत नाहीत. प्रत्येक खाणीच्या तोंडाशी दिव्यांची खोली आली. आपल्याकडील खाणकामगार तिला बत्तीघर म्हणतात. प्रत्येक पाळीनंतर दिवा तेथे परत जाई. त्याचे भाग सुटे करून जाळी घासली जाई, उजेडासमोर धरून तपासली जाई, दिवा पुन्हा जोडून फुंकरीने पारखला जाई, कुलूप लावून क्रमांकाप्रमाणे मांडून ठेवला जाई. खाणीत उतरताना कामगाराने आपल्या क्रमांकाचा बिल्ला देऊन दिवा घ्यायचा. त्यामुळे खाली किती माणसे आहेत याची नोंदही आपोआप होई. साधनाची पारख साधन वापरणाऱ्याने करायची नाही, तिच्यासाठी वेगळा माणूस आणि वेगळी जागा हवी, हा नियम येथे प्रथम रुजला. पुढे दिव्याला काच आली, दुहेरी जाळी आली, बत्तीघराची शिस्त मात्र बदलली नाही.

एका वायूपुढे मात्र ज्योत आंधळी होती. २७ जानेवारी १८९६ रोजी वेल्समधील टायलर्सटाउनच्या खाणीत स्फोट होऊन ५७ माणसे मेली. जॉन स्कॉट हाल्डेन नावाच्या शरीरशास्त्रज्ञाने त्या मृतदेहांची तपासणी केली. स्फोटाच्या तडाख्याने मेलेले थोडे होते. बहुतेकांचा प्राण स्फोटानंतर पसरलेल्या कार्बन मोनॉक्साइड वायूने घेतला होता. या वायूला ना रंग, ना वास, आणि माणसाला घातक ठरणाऱ्या मात्रेत त्याचा ज्योतीवर काही परिणाम होत नाही. मरणारा माणूस हातातला तेवता दिवा पाहत मरतो. हाल्डेन यांनी हा वायू स्वतः हुंगून त्याच्या परिणामांची नोंद केली होती. त्यांनी असा उपाय सुचविला की खाणीत उतरणाऱ्यांनी लहान उष्ण रक्ताचा जीव बरोबर न्यावा. लहान प्राण्याचा श्वासोच्छ्वास जलद असल्यामुळे विषाचा परिणाम त्याच्यावर माणसाच्या बराच आधी दिसतो. प्रथम उंदीर वापरले गेले. पण उंदीर कोपऱ्यात निमूट बसला तर तो भ्याला आहे की गुंगला आहे हे समजत नाही. कॅनरी पक्षी दांडीवर बसतो, हालतो, किलबिलतो, आणि भोवळ आली की दांडीवरून खाली पडतो. त्याचे स्वस्थ असणे जसे दिसते तसे त्याचे ढासळणेही दिसते. ब्रिटनमध्ये १९११ च्या कायद्याने खाणींतील बचाव-पथकांसाठी असे पक्षी ठेवणे आवश्यक केले. काही पिंजऱ्यांना वर प्राणवायूची छोटी नळकांडी बसविलेली असे. पक्षी पडला की पिंजऱ्याचे दार बंद करून प्राणवायू सोडायचा आणि त्याला जागे करायचे. पक्ष्याच्या जिवावर स्वतःचा जीव वाचविणाऱ्या माणसांनी ही तसदी घेतली, एवढी नोंद त्या पिंजऱ्याने करून ठेवली आहे. ब्रिटिश खाणींतून हे पक्षी निवृत्त करण्याचा निर्णय १९८६ मध्ये झाला. त्या वेळीही त्यांची संख्या दोनशेहून अधिक होती.

हाल्डेन यांचे चिरंजीव जे. बी. एस. हाल्डेन १९५७ मध्ये भारतात येऊन स्थायिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वर येथे निवर्तले. लहानपणीची एक हकीकत ते सांगत. वडिलांनी त्यांना खाणीतील एका अशा ठिकाणी नेले, जेथे छताशी मिथेन साठलेला होता, आणि उभे राहून शेक्सपिअरच्या नाटकातील अँटनीचे भाषण म्हणावयास सांगितले. थोड्याच ओळी म्हणून होतात तोच मुलाचे पाय लटपटले आणि तो खाली कोसळला. जमिनीलगतची हवा शुद्ध असल्यामुळे तो लगेच सावध झाला. मिथेन हवेपेक्षा हलका आहे आणि तो वर शोधावा लागतो, हा धडा त्याला पुन्हा शिकवावा लागला नाही. स्वयंपाकाच्या सिलिंडरमधील वायू याच्या उलट जड, जमिनीलगत पसरणारा. कारखान्यात वायुमापक भिंतीवर सोयीच्या उंचीला, म्हणजे माणसाच्या डोळ्यांच्या पातळीवर, बसविलेला आढळतो तेव्हा ही हकीकत आठवावी.

भारतातही खाणींच्या इतिहासात ही पाने आहेत. राणीगंजच्या पट्ट्यातील पोईडीह खाणीत १८ डिसेंबर १९३६ रोजी २०९ माणसे स्फोटाला बळी पडली. त्याच पट्ट्यातील चिनाकुरी येथे १९ फेब्रुवारी १९५८ रोजी सुमारे पावणेदोनशे, आणि धोरी येथे २८ मे १९६५ रोजी २६८. मराठी मुलखाला जवळच्या चंद्रपूर-वणीकडील खाणी त्यामानाने कमी वायूच्या. बंगाल आणि झारखंडमधील खोल थर धोक्याचे. १९५७ च्या कोळसा खाण विनियमांनी मिथेनचे प्रमाण सव्वा टक्क्याच्या वर गेले की माणसे बाहेर काढण्याचे बंधन घातले. स्फोटाची मर्यादा पाच टक्के असता चौथ्या हिश्शालाच थांबण्याचा हा नियम कित्येकांना अतिरेकी वाटे. पाळीपूर्वी दिवा घेऊन फिरणारा मायनिंग सरदार जो आकडा सांगेल त्यावर शेकडो माणसांचा दिवस अवलंबून असे. त्याचा पगार मात्र कोळसा काढणाऱ्या कंपनीकडूनच येत असे.

विजेवर चालणारे मापक खाणीतून आले नाही. ते तेलाच्या धंद्यातून आले. टाकीबोटींत पेट्रोलच्या वाफेचे स्फोट होत होते. कॅलिफोर्नियाच्या स्टँडर्ड ऑइल कंपनीतील ऑलिव्हर जॉन्सन याने १९२६-२७ मध्ये त्यावर तोड काढली. तापलेल्या प्लॅटिनमच्या तारेवर ज्वालाग्राही वायू ज्वाला न होताच जळतो, तार आणखी तापते, तिचा विद्युत्-रोध वाढतो आणि काटा सरकतो. निळी टोपी ओळखणाऱ्या अनुभवी डोळ्याची गरज आता उरली नाही. आकडा कोणालाही वाचता येऊ लागला. पुढे शेफील्ड येथील खाण-सुरक्षा संशोधन संस्थेत अॅलन बेकर यांनी तारेभोवती चिनी मातीसारख्या पदार्थाचा मोहरीएवढा मणी बसवून त्याला उत्प्रेरकाचा लेप दिला. त्यामुळे कमी तापमानात काम होऊ लागले आणि साधन टिकाऊ झाले. हा पेलिस्टर नावाचा मणी १९६० नंतर जगभर पसरला, आणि आजही असंख्य मापकांत तोच आहे.

पेवात सोडलेल्या कंदिलाशी या मण्याची तुलना केली म्हणजे त्याची उणीव ध्यानात येते. सिलिकोन असलेले वंगण किंवा पॉलिश, शिसे घातलेले पेट्रोल, गंधकाची काही संयुगे यांच्या वाफेने लेपाची शक्ती मरते. मग सभोवती कितीही मिथेन असला तरी मणी तापत नाही आणि काटा शून्यावर उभा राहतो. शुद्ध हवेतही काटा शून्यावरच असतो. मेलेले यंत्र आणि निर्धोक खाण यांचे रूप एकच दिसते. दुसरा दोष याहून फसवा आहे. वायू इतका दाटला की ज्वलनासाठी प्राणवायूच उरला नाही, तर काटा वर चढून पुन्हा खाली येतो, आणि उशिरा पाहणाऱ्याला तो धीर देतो. कार्बन मोनॉक्साइड मोजणाऱ्या रासायनिक घटांचे द्रावण दोन-तीन वर्षांत क्षीण होते आणि तेही गप्प होतात. अवरक्त किरणांनी मोजणारी नवी साधने यातून बरीच सुटली, कारण किरण कमी झाला की बिघाड आपोआप कळतो. पण हायड्रोजन त्यांना दिसत नाही.

म्हणून जाणत्या कारखान्यांत प्रत्येक दिवशी कामाला लागण्यापूर्वी मापकावर ठाऊक प्रमाणाचा वायू छोट्या नळकांड्यातून सोडून पाहतात. काटा हलला पाहिजे, घंटा वाजली पाहिजे. ठरावीक मुदतीने आकडा त्या ठाऊक प्रमाणाशी ताडून दुरुस्त करणे, ज्याला कॅलिब्रेशन म्हणतात, ते निराळे. रोजची परीक्षा मिनिटभराची असते, आणि तीच सर्वांत आधी वगळली जाते. बत्तीघरात जाळी उजेडासमोर धरणाऱ्या माणसाचेच हे काम. तो माणूस मात्र पुष्कळ ठिकाणी पगारपत्रकातून नाहीसा झाला आहे.

यंत्राऐवजी स्वतःच्या इंद्रियांवर विसंबणारे अजूनही कमी नाहीत. गटारांत आणि तेलशुद्धी कारखान्यांत आढळणाऱ्या हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्याचा उग्र दर्प असतो, त्यामुळे तो कळेलच असे वाटते. हवेच्या दशलक्ष भागांत त्याचे शंभर भाग झाले की काही मिनिटांत नाकाची जाणीव बधिर होते. वास थांबला म्हणून पुढे पाऊल टाकणारा मनुष्य तेथेच पडतो, आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही.

भोपाळच्या कारखान्यात मिथिल आयसोसायनेटची गळती ओळखण्याचे मुख्य साधन कामगारांचे डोळे हेच होते. या द्रव्याची कामाच्या जागेसाठी मानलेली मर्यादा दशलक्ष भागांत दोन शतांश भाग इतकी आहे. डोळे चुरचुरतात ते दोन भागांच्या सुमारास, म्हणजे शंभरपट प्रमाण झाल्यावर. अमेरिकेतील इन्स्टिट्यूट या गावी असलेल्या त्याच कंपनीच्या कारखान्यात जशी संगणकीय पूर्वसूचनेची व्यवस्था होती, तशी येथे नव्हती. टाकी थंड ठेवणारे यंत्र १९८४ च्या जून महिन्यातच बंद केले होते. सुटलेला वायू जाळून टाकणारा मनोरा नळी गंजल्यामुळे जोडणीतून काढलेला होता. २ डिसेंबरच्या रात्री अकराच्या सुमारास टाकीतील दाब दोनवरून दहा पौंडांवर गेलेला दिसला. पाळी नुकतीच बदलली होती. दहा हा आकडा नेहमीच्या मर्यादेत बसत होता, आणि तेथील मापकांवर फारसा विश्वासही उरला नव्हता. साडेअकराला डोळ्यांतून पाणी येऊ लागले. गळती चहानंतर पाहू असे ठरले. मध्यरात्रीनंतर चाळीस टनांच्या आसपास विषारी द्रव्य शहरावर पसरले. मध्य प्रदेश शासनाने ३७८७ मृत्यू मान्य केले. प्रत्यक्ष संख्या याहून पुष्कळ मोठी होती असे पीडितांच्या संघटना आजवर सांगत आल्या आहेत. त्यानंतर देशात १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा झाला आणि १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात घातक प्रक्रियांचे वेगळे प्रकरण आले. इंदूर, देवास, पीथमपूरच्या कारखान्यांतून मापके बसली ती बव्हंशी या कायद्यांनंतर.

मापके बसविल्यानंतरचा इतिहास सर्वस्वी समाधानाचा नाही. सायबेरियातील उल्यानोव्स्काया खाणीत १९ मार्च २००७ रोजी शंभराहून अधिक माणसे मेली. तेथील वायुमापन यंत्रणा नवी होती. उत्पादन थांबू नये म्हणून तिचे आकडे मुद्दाम कमी दाखवले जात होते, असे तपासात आढळले. अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनियाच्या अप्पर बिग ब्रांच खाणीत ५ एप्रिल २०१० रोजी २९ जण मेले. स्फोटापूर्वी काही आठवडे एका कोळसा कापणाऱ्या यंत्राचा मिथेनमापक तारा जोडून निकामी करण्याचा आदेश दिल्याचे तेथील पर्यवेक्षकाने न्यायालयात कबूल केले. २०१३ मध्ये त्याला एकवीस महिन्यांचा कारावास झाला.

न्यूझीलंडची पाइक रिव्हर ही खाणही याच यादीतली. वाऱ्याच्या मुख्य विवरात दोन मापके होती. तळाचे सप्टेंबर २०१० पासून बंद पडलेले, वरचे तीन टक्क्यांच्या आसपास अडून बसणारे. दुरुस्ती यादीत होती. यंत्रे गप्प असली तरी माणसे गप्प नव्हती. पाळीच्या शेवटी मुकादम आणि कामगार हातातल्या मापकांचे आकडे कागदावर लिहून देत होते आणि ते कागद कचेरीत जमा होत होते. शाही आयोगाने ते नंतर एकत्र वाचले. अखेरच्या ४८ दिवसांत मिथेन स्फोटाच्या मर्यादेपर्यंत पोचल्याच्या २१ नोंदी त्यांत होत्या, आणि त्याखालच्या परंतु धोकादायक प्रमाणाच्या आणखी २७. शेवटची नोंद १९ नोव्हेंबरच्या सकाळची आहे. स्फोट त्याच दिवशी दुपारी पावणेचारला झाला. खाणीत ३१ माणसे होती. त्यांतील दोघे चालत बाहेर आले.